पाहणं आणि नोंद : इंदूरमधल्या एका मंडळाचं प्रकरण

इंदूरमध्ये आमच्या कॉलनीत मराठी मंडळाचा हॉल आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे पंधरा-वीस जण जमतात आणि एखादा ग्रंथ हळूहळू वाचतात. गेल्या वर्षी चांगदेव पासष्टी चालली होती. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. कुणी कापड मिलमधून निवृत्त, कुणी बँकेतून, कुणी शाळेतून. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि या गटात वयाने सगळ्यात लहान आहे. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि लोकांना विज्ञान सांगायला निघालेले आम्ही बरेच जण तीच चूक करतो, असं मला वाटतं.

गणेशोत्सवात मंडळाने तीन दिवसांची व्याख्यानमाला ठेवली होती. वक्ते बाहेरगावचे, वाणी गोड, पाठांतर दांडगं. विषय क्वांटम विज्ञान, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म गोष्टींचं विज्ञान, आणि मन. पहिल्या दोन दिवसांत ते जे बोलले त्यात फारसं चुकीचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "इलेक्ट्रॉनला कळतं, आपल्याला कुणीतरी पाहतंय." तिथून पुढची पायरी: पाहणाऱ्याच्या मनामुळे पदार्थ ठरतो. त्यापुढची: शरीर हाही पदार्थच. मग शेवटची: मन एकाग्र करून आतला बिघाड 'पाहिला' तर तो दुरुस्त होतो, आणि हे सगळं विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे. आधाराला क्वांटम सिद्धान्ताचा एक जनक श्रोडिंजर आला, त्याने उपनिषदं वाचली होती म्हणून. भौतिकशास्त्राचं २०२२ चं नोबेल आलं, 'जग खरं नाही हे त्यात ठरलं' म्हणून. रॉजर पेनरोज आले, नोबेल मिळालेला माणूसही मनाचा क्वांटमशी संबंध जोडतो म्हणून. जाताना पाच दिवसांच्या निवासी शिबिराचे अर्ज वाटले गेले. आमच्या गटातल्या अकरा जणांनी ते भरले, आगाऊ पैसेही दिले.

त्यात आमच्या मावशी होत्या. वय ७१, गुरुवारचं वाचन त्याच चालवतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर ठरलेली होती. ती त्यांनी पुढे ढकलली. म्हणाल्या, "अगं, डोळ्यातलं भिंग म्हणजे तरी काय, पदार्थच ना? आधी शिबिर करून बघते."

मला फार अस्वस्थ वाटलं. मी मंडळाकडून एक गुरुवार मागून घेतला आणि तासभर बोलले. वक्त्यांच्या एकेका वाक्याची चूक दाखवली. श्रोडिंजरला वेदान्ताची ओढ होती, पण त्याचं १९२६ चं समीकरण टिकलं ते हायड्रोजनच्या वर्णपटाचे आकडे बरोबर येतात म्हणून. त्याची ती १९३५ ची कल्पनेतली मांजर, पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलीही, नवल सांगायला नव्हती, सिद्धान्तात काहीतरी खटकतंय हे दाखवायला होती. पेनरोज यांचं २०२० चं नोबेल कृष्णविवरांवरच्या गणितासाठी आहे, मनासाठी नाही. सगळं बरोबर होतं. हॉलमध्ये मात्र थंडपणा पसरत चालला होता, आणि तो मला कळत होता.

शेवटी मागच्या रांगेतून एक काका उठले. शहरातल्या एका कापड मिलमध्ये हिशेबनीस होते, मिल बंद होईपर्यंत. त्यांनी विचारलं, "वहिनी, ते गृहस्थ चुकले असतील. पण मग पाहणं म्हणजे नेमकं काय? आणि ते पुरं कुठे होतं?"

मी म्हणाले, "ते गणितात आहे काका, इथे सांगणं अवघड आहे."

काका बसले. माझा तासही तिथेच संपला. वक्त्यांनी लोकांना निदान एक उत्तर दिलं होतं. मी प्रश्नच बंद केला. आणि तो प्रश्न साधा नव्हता. गेली शंभर वर्षं भौतिकशास्त्राला नेमका तोच प्रश्न सुटलेला नाही. एका निवृत्त हिशेबनिसाने त्यावर अचूक बोट ठेवलं होतं आणि मी त्यांना गणिताचा धाक दाखवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शब्द कुठून आला

दोन दिवसांनी सकाळी काका घरी आले. मी पोहे केले होते, वर शेव आणि जिरावण. खाता खाता त्यांना म्हणाले, परवा मी चुकले, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही हे मला सांगायला हवं होतं. मग आम्ही दोघांनी गोंधळ मुळात कुठे होतो ते शोधायला घेतलं.

तो शब्दात होता. आपण पाठ्यपुस्तकात 'निरीक्षण' लिहितो. त्यातला 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. वक्ते तर सरळ 'द्रष्टा' म्हणत होते. ज्या गटाने सहा महिने द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी घोळवली आहे, त्यांच्या कानावर 'द्रष्टा' पडला की तो एकटा येत नाही; साक्षी, आत्मा, चैतन्य सगळ्यांना घेऊन येतो. मग 'द्रष्ट्यामुळे इलेक्ट्रॉन बदलतो' हे वाक्य त्यांना नवीन वाटतच नाही, घरचंच वाटतं. लोक भोळे आहेत म्हणून फसले, असं मी आधी मनात म्हणत होते. ते खरं नव्हतं. त्यांनी शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ अगदी बरोबर घेतला होता.

शब्दाची अडचण मराठीपुरती नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल, ज्याच्या १९६४ च्या कामावर पुढे ते २०२२ चं नोबेल उभं राहिलं, त्याने १९९० मध्ये एक लेख लिहून 'मोजमाप' हा शब्दच क्वांटम सिद्धान्ताच्या मांडणीतून काढून टाकावा असं म्हटलं होतं. कारण तो शब्द ऐकला की मोजणारा माणूस आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि क्वांटम सिद्धान्ताचा आणखी एक जनक हायझेनबर्ग याने १९५८ मध्ये लिहून ठेवलं आहे, की नोंद घेणारा माणूस आहे की उपकरण याने काही फरक पडत नाही.

'नोंद' हा शब्द मी उच्चारला आणि काकांनी चमचा खाली ठेवला.

"असं सांगा की मग," ते म्हणाले. "मिलच्या रोजमेळात मुनीमजी नोंद करायचे. शेठजी महिना महिना वही उघडत नसत. म्हणून व्यवहार झाला नाही असं होतं का? नोंद पडली की पडली. वाचणारा नंतर येवो, नाहीतर कधीच न येवो."

वीस वर्षं शिकवते आहे, पण इतकी नेटकी मांडणी माझ्या हातून कधी झाली नव्हती. इलेक्ट्रॉनना पडद्यापर्यंत दोन वाटा मोकळ्या ठेवल्या, तर ते पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांत जमतात. पण इलेक्ट्रॉन दोनपैकी कुठल्या वाटेने गेला याची खूण जगात कुठेही उमटली, एखाद्या अणूत, हवेच्या रेणूत, काचेत, की पट्ट्या पुसल्या जातात. ती खूण कुणी वाचायची गरज नसते.

तारेची संध्याकाळ

पुढच्या गुरुवारी भाषण ठेवलंच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पोलरॉइडचे जुने तुकडे मागून आणले; पोलरॉइड म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पार जाऊ देणारी फिल्म. लाल लेसर पॉइंटर घरात होता. विजेच्या जुन्या वायरचं आवरण काढून त्यातली एक बारीक तांब्याची तार घेतली, केसाहून थोडी जाड. पुठ्ठ्याला खिडकी कापून तार तिच्यात उभी ताणून चिकटवली. लेसर पोथीच्या चौरंगावर ठेवला, दिवे मालवले.

समोरच्या भिंतीवर, तीनेक मीटरवर, तारेची सावली पडायला हवी होती. सावलीच्या जागी लाल-काळ्या पट्ट्या उमटल्या, सेंटीमीटरभर अंतराने. तारेच्या दोन्ही बाजूंनी आलेला प्रकाश भिंतीवर एकमेकांत मिसळतो. कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. सगळे पुढे सरकले. कुणी मोजल्या तर नऊ ठळक पट्ट्या भरल्या. मावशी म्हणाल्या, "मला तीनच दिसतात, त्याही धुरकट."

मग तारेच्या डाव्या बाजूला पोलरॉइडचा एक तुकडा उभ्या दिशेने लावला आणि उजव्या बाजूला दुसरा आडव्या दिशेने. लेसर जरा फिरवून दोन्हीकडून सारखा उजेड येईल असा बसवला. आता डावीकडून येणाऱ्या प्रकाशावर 'उभा' अशी खूण, उजवीकडून येणाऱ्यावर 'आडवा'. भिंतीवरच्या बारीक पट्ट्या गेल्या, नुसता पसरट लाल डाग उरला. ती खूण कुणीही वाचली नव्हती. डोळ्यांना ती दिसतही नाही. कंपनाची दिशा माणसाच्या नजरेला सहसा कळत नाही. पट्ट्या मात्र गेल्या.

तिसरा तुकडा मी तार आणि भिंत यांच्यामध्ये तिरपा धरला, ४५ अंशांत. त्याच्यातून पार होणारा सगळाच प्रकाश तिरपा होऊन निघतो, म्हणजे उभ्या-आडव्याची खूण पुसली जाते. पट्ट्या परत आल्या, जरा फिकट. हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं. मी तुकडा काढला, पट्ट्या गेल्या. धरला, आल्या. हा खेळ दहा-बारा वेळा झाला, कारण प्रत्येकाला तिरपा तुकडा स्वतःच्या हाताने धरून बघायचा होता.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि तेव्हाही सांगितली. आमच्या लेसरमधून सेकंदाला अब्जावधी फोटॉन निघतात, आणि एवढा प्रयोग साध्या लहरींच्या गणितानेही उलगडतो. तो 'क्वांटम' आहे अशी बढाई मारली असती तर मीही त्या वक्त्यांच्याच वाटेला गेले असते. खरं नवल हे, की कण एकेक करून सोडले तरी चित्र तेच येतं. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या चमूने १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन असे सुटे सुटे पाठवले. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला, आधी कुठेही पडल्यासारखा, आणि हजारो ठिपके जमले तेव्हा त्यांच्या पट्ट्या झाल्या.

मग आम्ही वक्त्यांचा दावाच तपासला. सगळ्यांनी एकाग्र होऊन पट्ट्यांकडे पाहिलं, मावशींनी तर नामस्मरण करत पाहिलं. पट्ट्या हलल्या नाहीत. मोबाइल टेकवून त्याला आपोआप फोटो घ्यायला लावला आणि आम्ही सगळे व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. आत आलो, फोटो पाहिले, तेच.

काकांची हरकत

"थांबा वहिनी," काका म्हणाले. "फोटो शेवटी आपणच पाहिला. आपण पाहीपर्यंत फोटोतही काही ठरलेलं नव्हतं, असं कुणी म्हटलं तर?"

हा वितंडवाद नाही. १९३२ मध्ये गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी हीच साखळी गणितात मांडली: कण, उपकरण, डोळा, मेंदू. 'इथवर क्वांटम, इथून पुढे पाहणारा' ही रेघ कुठेही ओढा, उत्तर तेच. आणि युजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये खरोखरच लिहिलं, की साखळी चेतनेपाशी संपते. म्हणजे वक्त्यांचा विचार कुठल्या तरी गल्लीतला नव्हता. तो एका थोर भौतिकशास्त्रज्ञाचा होता. माझ्या पहिल्या तासात मी हे दडवलं होतं, लोकांचा गोंधळ वाढेल या भीतीने. लोकांवर विश्वास न ठेवण्याचाच हा एक प्रकार. वक्त्यांनीही एक गोष्ट दडवली: विग्नर यांनी पुढे हे मत सोडून दिलं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर झेह यांनी १९७० मध्ये दाखवलं, की मोठी वस्तू कधीच एकटी नसते; भोवतालची हवा, प्रकाश, उष्णता तिच्या क्षणाक्षणाच्या नोंदी घेत असतात. विग्नर यांना ते पटलं.

मला स्वतःला सर्वांत जास्त पटतो तो व्हिएन्नातला २००४ चा प्रयोग. कार्बनचे ७० अणू असलेले चेंडूसारखे रेणू घेतले आणि वाटेत त्यांना लेसरने तापवलं. थंड रेणूंच्या पट्ट्या ठळक आल्या. तापमान चढत गेलं तशा त्या फिक्या होत गेल्या आणि शेवटी नाहीशा झाल्या. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश फेकतो आणि तो प्रकाश रेणू कुठे होता याची बातमी घेऊन जातो. ते फोटॉन कुणी गोळा केले नाहीत, मोजले नाहीत. ते उपकरणाच्या भिंतींत जिरले. आणि पट्ट्या किती तापमानाला किती फिक्या होतील याचं गणित प्रत्यक्षाशी जुळलं. 'मनामुळे होतं' म्हणणाऱ्याला यातला एकही आकडा सांगता येत नाही. काकांची हरकत तर्काने खोडता येत नाही हे मी कबूल केलं. पण हिशेब जुळवायला शेठजींची गरज कुठेच लागली नाही, हे काकांनीही कबूल केलं.

आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला: "पण वहीसुद्धा अणूंचीच ना? पेन, शाई, सगळंच. मग 'डावीकडून' आणि 'उजवीकडून' अशा दोन्ही नोंदी एकाच वेळी वहीत का नसाव्यात? एकच का?"

या वेळी मी म्हणाले, "माहीत नाही काका. कुणालाच माहीत नाही."

खरंच नाही. नोंदीमुळे पट्ट्या का जातात ते कळलं आहे. दोन शक्यतांपैकी एकच का प्रत्यक्षात येते, ते नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये म्हटलं, कणाला ठाम जागा नेहमीच असते, एक लहर त्याला वाट दाखवते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये म्हटलं, दोन्ही घडतात, आपण एका शाखेत असतो. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये श्रोडिंजरचं समीकरणच थोडं बदललं, एकच शक्यता आपोआप उरावी म्हणून. त्यांचं बरोबर की चूक हे प्रयोगाने ठरू शकतं आणि तसे प्रयोग चालू आहेत. या तिन्ही मांडण्यांत मनाला काम नाही. आमच्याच शहरात, कॅटमध्ये (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र), इंडस-२ या यंत्राच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. तिथल्या अनेक प्रयोगांचा हिशेब क्वांटमच्या गणिताने बरोबर येतो, हा प्रश्न न सुटताही.

दुसरा प्रश्न वेगळा

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाहणाऱ्याला काही किंमतच नाही म्हण की."

तसं मी म्हटलं नव्हतं, पण तसं ऐकू गेलं असेल तर दोष सांगणाऱ्याचा. पाहणारा आहे, आणि तो असणं हेच एक मोठं कोडं आहे. पोह्यांवर लिंबू पिळलं की जिभेवर काय होतं, कुठली चेता मेंदूकडे काय धाडते, हे मोजता येतं. पण त्यातून 'आंबट वाटणं' का निर्माण व्हावं? आत कुणालाही काही न वाटता ही यंत्रणा नुसती चालू शकली नसती का? तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ च्या लेखात याला कठीण प्रश्न म्हटलं. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत मेंदूतली चेतनेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉख यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे वाइन दिली.

दोन्ही प्रश्न उघडे आहेत म्हणून ते एकच आहेत असं ठरत नाही. पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ ते जोडतात हे खरं; पण त्यांची बाजू वक्त्यांच्या नेमकी उलट आहे. मन पदार्थाला ठरवतं असं ते म्हणत नाहीत, तर मेंदूच्या पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांत क्वांटम अवस्था कोसळते, म्हणजे अनेक शक्यतांपैकी एकच उरते, आणि त्यातून जाणीव येते, असं म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब मांडला, की मेंदूच्या उबेत आणि ओलाव्यात अशी अवस्था सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागापेक्षा जास्त टिकणार नाही. पेनरोज यांच्या बाजूने त्या हिशेबावर आक्षेप आले. हा वाद अजून चालू आहे. मोतीबिंदूपर्यंत तो कुठल्याच वाटेने पोहोचत नाही.

"मग आपली पासष्टी?" कुणीतरी विचारलं. उत्तर मावशींनीच दिलं: "ज्ञानोबांना इलेक्ट्रॉनची साक्ष कशाला हवी?"

पुढे काय झालं

अकरापैकी चार जणांनी शिबिराचे पैसे परत मागितले आणि ते मिळाले. सात जण गेले, मावशीही गेल्या. परत आलेल्यांतल्या दोघांनी सांगितलं की पाच दिवस शांत बसून फार बरं वाटलं. मला त्यात नवल वाटलं नाही आणि मी ते खोडलंही नाही. शांत बसण्याने बरं वाटतं, त्यासाठी क्वांटमची गरज नाही.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मावशींनी मला घरी बोलावलं. देवापुढे निरांजन लावलेलं होतं. "इकडे ये," त्या म्हणाल्या. "मला या ज्योतीभोवती वलय दिसतं. ही पण तुझ्या तारेसारखी प्रकाशाचीच करामत का?"

मी म्हटलं, हो मावशी, प्रकाशाचीच, पण ज्योतीपाशी नाही, तुमच्या डोळ्यात. भिंगातली प्रथिनं गोळा होऊन ते गढूळ झालं आहे. प्रकाश त्यातून सरळ न जाता विखुरतो, म्हणून वलय. त्यांनी मग भिंग गढूळ का होतं, ते काढलं की तिथे काय बसवतात, नवीन भिंग कशाचं असतं असं सगळं विचारलं. पहिलं मला सांगता आलं, बाकीचं डॉक्टरांना विचारा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. पौषात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

कॉलेजात आता मी 'निरीक्षण' शिकवताना फळ्यावर आधी 'नोंद' लिहिते. काकांचा रोजमेळ सांगते, आणि त्यांचा वहीबद्दलचा प्रश्नही सांगते, उत्तराशिवाय.

लेसर, पुठ्ठा आणि पोलरॉइड मंडळाच्या कपाटात असतात. फाल्गुनात मावशी पुन्हा वाचनाला यायला लागल्या तेव्हा पोथी उघडण्याआधी त्यांनी दिवे घालवायला लावले. तार मध्येच तुटली होती, कुणाच्या तरी नातवाने नवीन बसवली होती. मावशी भिंतीपाशी गेल्या आणि बोट ठेवत ठेवत मोजायला लागल्या. नऊवर थांबल्या, डावा डोळा हाताने झाकला, आणखी जवळ गेल्या. "इथे एक दहावी आहे," त्या म्हणाल्या. "फिकी आहे, पण आहे."